मंद्रूपकडं का वळसंगकडं

सोलापूरच्या टेलिफोन मनोऱ्यावर चढणारा पीरसाब जमिनीवरच्या माणसांना माणसांत धरत नसे. सात वर्षं तो रोजंदारीवर चढत होता. आता कायम व्हायचं तर नव्या साहेबाची शिफारस लागणार होती, नाहीतर असल्या शेळपटाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं. पहिल्या पायरीवरच ज्याचे पाय लटपटतात, तो म्हणे मनोऱ्याचा साहेब!

वर चढणारे डावं-उजवं कधी बोलत नसत. पट्ट्याला लटकलेल्याचं उजवं एक, खाली मान वर करून उभ्या असलेल्याचं दुसरं. म्हणून दिशा गावांच्या. संदेश पकडणाऱ्या त्या भल्या मोठ्या तबकडीला ते परात म्हणत आणि ती मंद्रूपकडं नाहीतर वळसंगकडं सरकवत. साहेबाला यातलं काय कळणार, कपाळ!

त्या दिवशी नवी लाइन जोडायची होती.

"उजवीकडे घे!" साहेब खालून ओरडला.

"मंद्रूपकडं का वळसंगकडं, साहेब?"

"गावंढळ कुठला! उजवीकडे म्हणजे उजवीकडे!"

पीरसाबनं आपल्या उजव्या हाताला, म्हणजे मंद्रूपकडं, परात सरकवली. खालच्या खोलीत मीटरपाशी बसलेला त्याचा जोडीदार जोतीराम बोंबलला, "काटा पडला!" साहेबाचं उजवं वळसंगकडं होतं. पण चूक कबूल करेल तो साहेब कसला? तासभर नुसता घसा फोडत राहिला. शेवटी तो चहाला गेला, तेव्हा जोतीराम दारात येऊन म्हणाला, "पीरसाब, वळसंगकडं घेऊन बघ की!" दोन सूत सरकवली आणि लाइन लागली.

आता तासाभराचा खोळंबा कुणाच्या माथी मारायचा? साहेबानं पीरसाबच्या नावानं कागद लिहिला: 'मला डावं-उजवं कळत नाही, चूक माझी.'

"अंगठा दे. तुझं कायमचं काम मी करतो."

"देऊ नगं," जोतीराम कुजबुजला.

"कागदच हाय की, वाघ हाय व्हय?" पीरसाब हसला. असल्या दीडशहाण्याच्या कागदाला कोण विचारतो! त्यानं ठसा उमटवला.

महिन्याभरात हुकूम आला. पीरसाब कायम झाला, पण फाटकावरचा शिपाई म्हणून. डावं-उजवं न कळणाऱ्याला वर चढू देणं धोक्याचं, असा शेरा होता.

पहिल्याच दिवशी साहेबाची जीप आली. पीरसाबनं फाटक उघडून सलाम ठोकला. जीप आत गेल्यावर तो आपल्या अंगठ्याकडं बघून म्हणाला, "त्यो हलकट हायच. पर तू लई हलकट निगालास की रं!"