उत्तरेश्वरला दिलेले तीन तारे

उत्तरेश्वर एकतीस वर्षं माझे केस कापत आला. शनिवार पेठेतलं एकच दुकान आणि त्यातली खिडकीजवळची एकच खुर्ची. ह्या उन्हाळ्यात ती खुर्ची त्याच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. का ठरलं आणि कोणामुळे ठरलं हे मला माहीत आहे, आणि आठवलं की अजून माझे कान तापतात. मी शाळेत गणित शिकवायचो. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

तो तुळजापूरकडचा. पंचविशीत पुण्याला आला, स्वारगेटला उतरला आणि विचारत विचारत दीनानाथांच्या केशकर्तनालयात येऊन उभा राहिला. दीनानाथांनी परीक्षा म्हणून त्याच्याकडून आपलीच दाढी करून घेतली. अर्ध्या दाढीत त्यांना झोप लागली. जागे झाल्यावर म्हणाले, उद्यापासून ये. ही हकीकत दीनानाथ सांगायचे, उत्तरेश्वर नाही. तो फारसा बोलतच नसे. गिऱ्हाईक बसलं की आधी त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायचा, आरशात एकदा बघायचा आणि कामाला लागायचा. मानेवर मशीन लावायचा नाही. कंगवा आणि कात्री, बस्स. सोमवारी दुकान बंद असे तेव्हा तो पिशवी घेऊन अंथरुणाला खिळलेल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी जायचा. पक्षाघात झालेल्या माणसाची दाढी करताना एका हातानं लोंबता गाल उचलून धरायचा, आणि माणूस दमला की थांबायचा. अर्धी दाढी, मग चहा, मग उरलेली अर्धी.

मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो सर म्हणायचा. वयात आमच्या सोळा वर्षांचं अंतर आहे, पण तेवढंच कारण होतं असं आता मला म्हणवत नाही.

दीनानाथ गेले आणि दुकान त्यांच्या मुलाकडे, शुभंकरकडे आलं. त्यानं सगळं फोडून काच आणि गारवा आणला. नव्या पाटीवर काय लिहिलंय ते मला अजून एका दमात वाचता येत नाही. सहा खुर्च्या झाल्या. त्यांतली खिडकीजवळची त्यानं उत्तरेश्वरला ठेवली, कारण पेठेतले आम्ही सात-आठ म्हातारे दुसऱ्या खुर्चीवर बसायला तयार नव्हतो. एवढं मात्र त्यानं केलं, ते मान्य.

बाहेर पडताना काउंटरवरची प्रियदर्शनी एक टॅबलेट पुढे धरायची. त्याच्यावर कारागिराचं नाव आणि पाच तारे. “सर, फीडबॅक प्लीज.” मी बोट टेकवून निघायचो. नाटक म्हणून मी ते चालवून घेत होतो.

मे महिन्यात केस कापता कापता उत्तरेश्वर आपणहून बोलला. म्हणाला, “सर, पुढच्या महिन्यापासनं मी वाघोलीला.”

शुभंकरनं वाघोलीला दुसरं दुकान काढलं होतं, तिकडच्या कॉलेजांतल्या पोरांसाठी. मला वाटलं बढती झाली. तर नाही. तिथं त्याला डोकी धुवायला घातलं होतं. कात्री हातात नाही, नुसता शाम्पू आणि टॉवेल. दत्तवाडीत राहणारा छप्पन वर्षांचा माणूस दोन बस बदलून तिकडे जाणार आणि पोरांची डोकी धुणार. महिनाअखेरपर्यंत त्याच्या ताऱ्यांची सरासरी चारवर गेली तरच खुर्ची राहणार होती. मी कारण विचारलं.

“लोकं नाराज हायेत म्हणे माझ्यावर,” तो म्हणाला आणि माझं डोकं जरा खाली वाकवलं.

कोण नाराज? त्या खुर्चीवर आम्हीच तर बसतो. मी कधी कोणाशी भांडलेलो नाही. दुकानदारानं कमी सुटे दिले तरी गप्प घरी येणारा माणूस मी. पण त्या दिवशी गळ्याभोवतीचं कापड निघाल्याबरोबर मी शुभंकरच्या समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, ही नाराज माणसं मला दाखव.

तो हसला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि टॅबलेट उघडला. एका मुलीनं लिहिलं होतं की अंकल बोलतच नाहीत, वाइब नाही. एका मुलानं एकच तारा दिला होता, कारण तो फोनवर बोलत असताना त्याला मान सरळ ठेवायला सांगितलं. मी म्हटलं, हे काय नाराजीचं कारण झालं? कानाजवळ कात्री चालू असताना मान सरळ नको तर काय?

“ते सोडा, काका,” शुभंकर म्हणाला. “ती दोन-चारच आहेत. तुमचंच बघा ना. फेब्रुवारी तीन, मार्च तीन, एप्रिल तीन. त्यांनी तुमचे केस बिघडवले का?”

“तीन म्हणजे चांगलं,” मी म्हटलं.

“तीन म्हणजे तक्रार, काका. चारच्या खाली सगळं असमाधानीत जातं. मी करत नाही, सिस्टिमच करते.”

पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के. साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग. मी चौतीस वर्षं ह्याच हिशेबानं पेपर तपासले. माझ्याकडून साठ मिळाले की पोरं घरी पेढे न्यायची. पैकीच्या पैकी म्हणजे ज्यात आता सुधारायला काही उरलं नाही ते, आणि असं मी जगात काही पाहिलेलं नाही. हे सगळं मी त्याला सांगायला हवं होतं. मी फक्त म्हटलं की तुमच्या त्या यंत्राला पहिला वर्ग कळत नाही, आणि घरी आलो. राग त्याचा होता की माझा स्वतःचा, ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या बाकावर मी आमच्या मंडळींना विचारलं. एक सोडून सगळ्यांनी तीन दिले होते. हिंमतराव वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि कोणाचीही भीड न ठेवणारे. त्यांनी तर दोन दिले होते, कारण डावा कल्ला उजव्यापेक्षा मोठा राहतो. मी सगळा प्रकार सांगितला आणि म्हटलं की येत्या रविवारी सगळ्यांनी जाऊन पाच द्यायचे.

“पाच मी कोणाला देत नाही,” हिंमतराव म्हणाले. “लग्नाला पंचावन्न वर्षं झाली, तिथंसुद्धा साडेतीनच्या पुढे गेलो नाही.”

“आणि तिकडून तुम्हाला किती?” कोणीतरी विचारलं.

“ते विचारण्याइतका मी मूर्ख नाही.”

हसणं झालं, पण हिंमतरावांना पटवायला मला पाऊण तास लागला. शेवटी ते म्हणाले की देतो, पण कल्ल्याचं त्याला तोंडावर सांगणार. रविवारी सातही जण गेलो. कोणी दाढी, कोणी केस, कोणी नुसत्या मिश्या. बाहेर पडताना प्रत्येकानं पाचव्या ताऱ्यावर बोट टेकवलं. प्रियदर्शनीनं प्रत्येक वेळी मान वर करून पाहिलं. उत्तरेश्वरला आम्ही काही सांगितलं नव्हतं. आपण एक चांगलं काम गुपचूप केलं ह्या समाधानात मी घरी आलो. मूर्खपणाला असं समाधान फार लवकर मिळतं.

मंगळवारी मी सरासरी किती झाली ते बघायला गेलो. दार उघडलं तर शुभंकर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उत्तरेश्वरला विचारत होता की हे तारे कोणाकोणाकडे मागितलेस. एकाच सकाळी एकाच माणसाला सात पाच आले म्हणून यंत्रानं ते खोटे ठरवून काढून टाकले होते. आधीचे तीन मात्र खरे म्हणून तसेच ठेवले होते. वर दुकानाच्या नावापुढे संशयाची काहीतरी खूण लागली होती, आणि त्याचा शुभंकरला संताप आला होता. जो माणूस त्याच्या लहानपणी त्याला फळीवर बसवून त्याचे केस कापायचा, त्याला तो तू म्हणून बोलत होता. बाकीच्या खुर्च्यांवरची माणसं आरशातून बघत होती.

“मी कोणाकडं काही मागितलेलं नाही,” उत्तरेश्वर म्हणाला.

“मग सात म्हातारे एका सकाळी कसे सुधारले?”

मी दारातच होतो. तिथूनच बोललो. म्हटलं, ते मी सांगितलं होतं, ह्याचा काही संबंध नाही.

शुभंकर वळला. “म्हणजे खोटेच की, काका.”

“खोटे नाहीत. तो तसा कापतोच.”

“मग आधीचे तीन खोटे होते का?”

त्या मुलाचा तेव्हा जो राग आला तो अजून तसाच आहे, कारण त्याचा प्रश्न बरोबर होता आणि विचारण्याचा अधिकार त्याला नव्हता. त्याला सरासरीशी मतलब होता. उत्तरेश्वर मात्र माझ्याकडे बघत होता. तारे कोणाचे हे त्याला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. त्याला नुसता आकडा कळायचा.

“आधीचे तीन तुम्ही दिले, सर?”

मी मान हलवली. साठ टक्क्यांचं, पहिल्या वर्गाचं सांगायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं. मग दुकानाचा काळा एप्रन काढून घडी केला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. स्वतःच्या दोन कात्र्या, वस्तरा आणि कंगवे पुसून पिशवीत टाकले. वाघोलीला दुसरा माणूस बघा, असं शुभंकरला सांगितलं. दारात माझ्यापाशी थांबला.

“सर, कमी पडत होतं तर तोंडानं सांगायचं होतं. एकतीस वर्षांत सुधारलो असतो की मी. मला वाटायचं, तुम्हाला आवडतंय.”

आणि तो गेला. खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशी नवा कारागीर बसवला, असं कळलं. मी त्या दारात परत गेलो नाही.

उत्तरेश्वर आता घरोघरी जातो. सोमवारची ती पिशवी आता रोजचीच झाली आहे. आमच्या सातांपैकी पाच जणांकडे जातो. हिंमतरावांकडेसुद्धा जातो. ते दर खेपेला कल्ल्यावरून त्याच्याशी भांडतात आणि तो त्यांच्याशी भांडतो. माझ्याकडे आला नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा त्याच्या बायकोनं उचलला, निरोप घेतला, पण पुढे काही नाही.

जुलैत केस कानावर आले तेव्हा मी नाइलाजानं लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडे एका दुकानात गेलो. पोरानं मशीन फिरवलं आणि पाच मिनिटांत मोकळा केला. घरी आल्यावर नात, भाग्यश्री, चहा देताना थबकली. म्हणाली, “आजोबा, कानामागे ही एवढी गाठ कधी आली?”

ती गाठ चाळीस वर्षांची आहे. चरबीची आहे, दुखत नाही, डॉक्टरांनी केव्हाच सोडून द्या म्हटलं. पोरं वर्गात तिच्यावरून हसायची म्हणून एके काळी मला फळ्याकडे वळायची लाज वाटे. मग कधीतरी हसणं थांबलं, आणि मला वाटलं पोरं चांगली आली. मी आरसा मागे धरून पाहिलं. उत्तरेश्वर इतकी वर्षं तिथले केस बोटभर लांब ठेवून गाठीवरून वळवत होता. मी सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं.

मी तसाच रिक्षा करून दत्तवाडीला गेलो. तो पिशवी घेऊन निघण्याच्या बेतात होता. मी काय बोलायचं ते रिक्षात जुळवलं होतं, पण दारात सगळं विसरलो आणि नुसतंच वळून त्याला मान दाखवली.

तो गाठीजवळ बोट लावून म्हणाला, “हे कुणी केलं?” असा चढलेला आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“उत्तरेश्वर, तुम्ही फार चांगले कापायचात,” मी म्हटलं.

“आता सांगताय,” तो म्हणाला. त्यानं पिशवी खांद्याला लावली आणि दाराला कडी घातली. “ह्याला आता कात्री लावता यायची नाही. दोन महिने तरी जातील.”

“मग घरी याल?”

“आधी वाढू तर द्या,” उत्तरेश्वर म्हणाला आणि जिना उतरू लागला.