जिताड्यासाठी रीळ

सासऱ्यांचा उजवा हात पक्षाघाताने लुळा पडला, त्याला आठ महिने झाले होते; आता बोटं आणि मनगट थोडं हलत होतं, एवढंच. जन्मभर त्यांनी डोंबिवलीच्या खाडीवर हातदोरीने जिताडे धरले. मासा ओढेल तशी बोटांतून दोरी सोडायची, तो दमला की आत घ्यायची. आता ते दिवसभर ओटीवर भिंतीकडे बघत बसत आणि व्यायामाचं नाव काढलं की डोळे मिटून घेत. बायको म्हणाली, एकदा खाडीवर बसले तर बाबा परत मिळतील, नाहीतर गेलेच. मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं.

मी साताऱ्याकडचा, मासा ताटात आल्यावर ओळखणारा. तरी गळाचा रॉड आणि त्यावर दोरी गुंडाळणारं रीळ ही अक्कल माझीच. डाव्या हातात रॉड धरायचा, उजव्याने नुसती रिळाची मूठ फिरवायची, त्यात कसली ताकद लागते, असा माझा हिशेब.

कल्याणच्या दुकानदाराने विचारलं, मासा कुठला? जिताडा, मोठ्यात मोठा, मी म्हणालो. मग त्याने विचारलं, फिरवणार कोण? मी म्हणालो, "मीच." घरातलं दुखणं परक्यापुढे काढायचं नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्याने माझ्या दंडाकडे बघून आठ हजार नंबरचं रीळ काढलं. चार हजारही चालेल, असं तो पुटपुटला होता. पण मासा मोठा तर रीळ मोठं, एवढं मला कळत होतं.

घरी सासऱ्यांनी रॉडला लावलेलं ते धूड हातात घेतलं. चांगला असलेला डावा हातही खाली गेला. उजव्या बोटांनी मूठ कशीबशी अर्धी फिरवली आणि तिथेच अडकली.

"दुकानात काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

"माजा हात सांगाला लाज वाटली तुला?"

मी नाही म्हटलं. ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं. याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः रिक्षात बसले. दुकानात डाव्या हाताने उजवा उचलून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "या हाताला कंचा चालंल त्यो दाखव." दुकानदाराने एकेक रीळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. आकड्यावरून मासा ठरत नाही, म्हणाला, दोरी किती मावते ते कळतं. हल्ली विणलेली बारीक दोरी मिळते, ती लहान रिळातही पुरेशी बसते. मोठ्या माशाशी ताकद लावायचीच नाही. रिळाला ब्रेक असतो, मासा पळाला की तो दोरी सोडत राहतो आणि मासा आपोआप दमतो.

"मंग मी इतकी वर्सं काय केला?" सासरे म्हणाले. आठ महिन्यांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पाच हजार हाताला जड झालं, तीन हजारात दोरी कमी. चार हजाराची मूठ त्यांनी पाच-सहा वेळा फिरवली आणि रीळ खाली ठेवलंच नाही. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिलं.

खाडीवर पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी भरतीला जिवंत कोळंबी लावून बसलो आणि तासाभरात रॉड वाकला, ब्रेक करकरू लागला. मी पुढे झालो.

"हात लावू नको."

मी हात मागे बांधले. मासा थांबला की ते चार वेळा मूठ फिरवत, दम खात, पुन्हा दोन. कपाळावरून घाम निथळत होता. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं आणि दोरी एकदम ढिली पडली. जिताडा गेला होता.

मी मनात धीराचं काहीतरी जुळवत होतो. सासरे मात्र रिकामी दोरी गुंडाळत राहिले, पार गळ हातात येईपर्यंत. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "उद्या भरतीला पाऊण तास उशीर हाय. तू जेवूनच ये."