सहा जणांच्या चार मात्रा

"फुंक," बँडचे सर म्हणायचे आणि आपला उजवा तळहात पोराच्या तोंडासमोर धरायचे.

नवं पोर बावचळायचं. बँडमध्ये नाव घातलं म्हणजे चकचकीत ट्रम्पेट हातात पडणार अशा तयारीने ते आलेलं असायचं, आणि इथे हा वाळका म्हातारा हातावर फुंकायला सांगतोय. मग ते हळूच फुंकायचं. फुंक किती टिकते ते सर डोळे मिटून डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचे आणि जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला त्याच्या नावापुढे आकडा लिहायचे. सात. नऊ. एखाद्याचा पाच.

"पाच? चालते. पाचवाल्याचं गानं शोधू."

तुम्ही कुठल्याही शाळेत चार वर्षं काढली असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, आपल्याकडे गाणं आधी ठरतं. कुणाला तरी ते आवडलेलं असतं, पाहुणे यायचे असतात, आणि पोरांना त्यात कोंबलं जातं. आमच्या बँडवाल्या सरांचं उलटं होतं. आधी सगळ्यात कमी दमाचं पोर शोधायचं आणि त्याला झेपेल ती चाल काढायची. "गानं पोराच्या मापाचं शिवा लागते," ते म्हणायचे. "पोराले गान्याच्या मापाचं कापता येत नाई."

मी त्याच शाळेत पी.टी. शिकवतो. धाड गावापासून आमची शाळा जीपने दहा मिनिटांवर आहे. मला सूर कळत नाही, शिटी कळते. त्यामुळे वाजवायला शिकवायचे ते, आणि रांगा लावणं, गणवेश, पालकांच्या सह्या, पोरांना नेणं-आणणं ही माझी हमाली. ते मूळचे सोनाळ्याकडचे. आमच्या भागातली बोली जालन्याकडे झुकते, त्यामुळे त्यांच्या वऱ्हाडी 'मले-तुले'ला पोरं खुसखुसायची. सर मुद्दाम दोन वाक्यं जास्त बोलायचे.

चाली निवडण्यात ते भलते हट्टी होते. सहावीतल्या एकाचे दोन सुळे पडलेले होते. त्याला ट्रम्पेट हवा होता. सर म्हणाले, "दात येईलोक ड्रम वाजव. दात आले की मले दाखव." पोरगा खरंच दोन-तीन महिन्यांनी तोंड वासून त्यांच्यासमोर उभा राहिला. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत निम्मी पोरं शेतात असायची. त्या महिन्यात ते अशी चाल काढायचे की बारा-पंधरा जणांतही ती उघडी पडू नये. प्रत्येकाचा कागद वेगळा, वर नाव, खाली सा-रे-ग-म. एवढी शिलाई कुणी सांगितली होती, असं मी चिडून विचारायचो, कारण त्या कागदांच्या झेरॉक्ससाठी मलाच पळावं लागायचं.

एकदा चहा पिताना त्यांनी मला त्यामागचं कारण सांगितलं. सोळाव्या वर्षी ते लग्नाच्या बँडमध्ये लागले होते. मालकाला वाजवणारे कमी आणि दिसायला जास्त माणसं हवी असायची. म्हणून काहींना नुसता गणवेश चढवून, हातात वाद्य देऊन उभं करायचे. चुकून आवाज निघू नये म्हणून आत फडकं कोंबायचे.

"चार सीझन वाजोलं मी," ते म्हणाले. "गाल फुगोले, बोटं हलोली. एक सूर नाई निंघाला. लोक माह्याकडे पाहून नाचत होते."

मी हसलो. ते हसले नाहीत. पुढे जे केलं ते मी ही गोष्ट ठाऊक असताना केलं, म्हणून ती आधी सांगितली.

हे घडलं त्याच्या आदल्या वर्षी बुलडाण्याच्या स्पर्धेत आमचा नंबर शेवटून पहिला आला होता. पाच सुरांची साधी चाल, तीसच्या तीस पोरांनी स्वच्छ वाजवली. दुसऱ्या एका शाळेचे शिक्षक माझ्या कानावर पडेल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बालवाडी आली वाटतं." ते संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचलं. अध्यक्ष शाळेत आले आणि आम्हा दोघांना उभं ठेवूनच बोलले. यंदा नंबर आला नाही तर बँड बंद. वाद्यं कुणाला तरी देऊन टाकू. खोली कॉम्प्युटरला लागते आहे.

"जरा दमदार काहीतरी घ्या की," ते जाता जाता म्हणाले.

 नवव्या दिवशी सरांनी आपल्या पत्र्याच्या पेटीच्या तळातून एक मार्च काढला. जोरकस, चढता, मधे पळापळ असलेला. मला सूर कळत नाही, पण तो ऐकून माझीसुद्धा छाती पुढे आली.

"कठीन हाय," ते म्हणाले. "पन बँड राह्यला पाह्यजे."

त्या दिवशी त्यांनी कुणालाही हातावर फुंकायला सांगितलं नाही. मला ते खटकलं, आणि बरंही वाटलं.

चोवीस पोरांनी तो मार्च कसाबसा पेलला. सहा जणांना तो झेपेना. सगळे ट्रम्पेटवाले, त्यात नववीतली कोमल सगळ्यात कच्ची. त्यांना काढता येत नव्हतं, कारण स्पर्धेला किमान तीस मुलं हवी होती आणि आमच्याकडे मोजून तीसच होती. सरांनी त्यांचे कागद पुन्हा लिहिले. बाकीचे पळतील तिथं या सहांनी एकच लांब सूर धरायचा. आणि मधोमध चार मात्रा अशा ठेवल्या की सगळे थांबतील, ड्रम हळू वाजत राहील आणि हे सहाच वाजवतील.

"अहो, जे कच्चे आहेत त्यांनाच उघडं कशाला पाडता?" मी विचारलं.

"मांगं लपून राह्यले तर त्याईले वाटन, आपन नसलो तरी चालते. एक जागा त्याईची पाह्यजे."

आणि नेमकं तिथंच रोज फाटायचं. कधी दोघांचा सूर चिरकायचा, कधी कोमलचा आवाजच निघायचा नाही, नुसती हवा यायची. सर पुन्हा घ्यायचे. पुन्हा फाटायचं. पोरांच्या ओठांना सूज आली. कोमल पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रडायची आणि तोंड धुऊन परत यायची. पूर्वी तालमीत विनोद व्हायचे, ते बंद झाले. सर रागावत नव्हते, पण त्यांच्या मानेची शीर सतत उभी दिसायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"त्या सहा जणांना सांगा, तोंडाला लावून उभं राहायचं, फुंकायचं नाही. त्या जागी ड्रम आहेच. कोणाला कळणार नाही. सरांना काही बोलू नका."

मी नाही म्हणू शकलो असतो. नोकरी जाणार नव्हती माझी. पण मलाही तो बँड हवा होता. दोन वर्षं त्या पोरांच्या टोप्या मी सरळ केल्या होत्या. मी मान डोलावली.

सकाळी गाडीत सर पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. मागच्या सीटवर जाऊन मी सहा जणांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कोमलनं एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला.

"बरं झालं, सर," ती म्हणाली.

मैदान भरलेलं होतं. आमचा नंबर सातवा. सरांनी हात वर केला आणि मार्च सुरू झाला. काय वाजवला पोरांनी! एक सूर इकडचा तिकडे नाही. परीक्षकांपैकी एक बाई पुढे झुकून ऐकू लागल्या. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. मी मैदानाच्या कडेला उभा होतो. बँड वाचला, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

मग ती जागा आली. सगळे थांबले. ड्रम हळू वाजत राहिला. सहा ट्रम्पेट तोंडाला लागले, सहा जणांचे गाल फुगले, आणि काही आलं नाही. एक मात्रा गेली. दुसरी गेली. लोकांना खरंच काही कळलं नाही. कुणीतरी शिट्टी मारली.

सरांनी हात खाली घेतला.

बँड थांबला. ड्रमवाल्याचे दोन ठोके जास्त पडले आणि तोही थांबला.  परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी सरांना डोळ्यांनी विनवत होतो, की बाबा, चालू द्या, दोनच मात्रा राहिल्यात. ते चालत सहा जणांपर्यंत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाच्या बँडची गोष्ट सांगताना जो चेहरा होता, तोच होता.

"कोनं सांगतलं, ते मंग पाहू," ते म्हणाले. "आता फुंका. फाटला तरी चालते."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या जागी या वेळी आवाज आला. दोघांचा चिरकला, एकाचा उशिरा आला. पण सहाही आले. चार मात्रा पूर्ण. बाकीचं पुढे नीट झालं.

मधे थांबलेला बँड बाद, असा नियम होता. परीक्षकांनी सरांना टेबलापाशी बोलावून तो दाखवला. सरांनी वाचला, मान हलवली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोर आम्ही तिघं उभे होतो, मॅडम, सर आणि मी. अध्यक्षांनी एकच विचारलं, "पोरांना न वाजवायला सांगितलं कोणी?" मॅडम खिडकीकडे पाहायला लागल्या. मी माझ्या बुटांकडे.

"गानं मी निवडलं होतं," सर म्हणाले. "गानंच चुकलं."

खोली कॉम्प्युटरला गेली. शाळेतल्या शेवटच्या दिवशी सर कागदांचे गठ्ठे बांधत होते. मी दार लोटून आत गेलो आणि सांगून टाकलं, की पोरांना मीच सांगितलं होतं. त्यांनी सुतळीची गाठ मारली. वर पाहिलं नाही.

"तुमी सांगतलं, त्याचं काई नाई. मले एक सांगा. त्याईले बरं वाटलं का? सुटलो बा, असं?"

खोटं बोलायची ती वेळ नव्हती, असं मला वाटलं. मी म्हणालो, "हो."

ते स्टुलावर बसले.  "मंग माहंच चुकलं," ते म्हणाले. "फुंकाची सुट्टी भेटली म्हनून पोराले बरं वाटते, म्हंजे मी गानं नाई, वझं देल्लं." मग उठले, पेटी उचलली. मी ती हातातून घेऊ लागलो तर दिली नाही. एसटीनं गेले. त्याच उन्हाळ्यात सोनाळ्याहून कुणीतरी आलं, त्याच्याकडून कळलं की सर गेले. दम्याचा त्रास होता म्हणे. आम्हाला कधी बोलले नव्हते.

तुम्ही म्हणाल, खरं तेच तर सांगितलंस त्यांना. हो, खरं होतं. पण अर्धंच. सर परीक्षकांच्या टेबलापाशी सही करत होते, पाठमोरे, तेव्हा इकडे रांग मोडली होती. कोमल धावत माझ्याकडे आली. चेहरा लालबुंद, ओठ सुजलेला. तिनं माझी बाही धरून ओढली. "सर, माझा आला ना? आला ना माझा? शेवटपर्यंत आला!" मागे बाकीचे पाच जण एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत उड्या मारत होते. बाद झालेल्या बँडची पोरं अशी नाचताना मी कधी पाहिली नाहीत.

मी तिला म्हणालो होतो, "गप बस." आणि सरांना हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.