तंबोऱ्याची भनभन

आमचा गुरुप्रसाद म्हणजे स्वच्छतेचा किडा. शाळेत संगीत शिकवायचा, तेव्हा पोरांची नखं तपासून मगच पेटीला हात लावू द्यायचा. रिटायर झाल्यावर त्याने गोरखी मोहल्ल्यातल्या घरी माईक आणि कॉम्प्युटर आणला आणि पॉडकास्टवाल्यांना सुरुवातीला लावायचे छोटे तुकडे करून देऊ लागला. पुढे ह्याची आलापी, मागे तंबोऱ्यावर मधुवंतीवहिनी.

वहिनी माईकसमोर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या तारा छेडत राहायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. मुलगी विनिता कॅनडात. तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा आणि घरात हा एकटा. मी संध्याकाळी गेलो की दार उघडताना इतका खूष होतो, की मलाच रडू येतं.

वेळ जाईना म्हणून त्याने नवं सॉफ्टवेअर घेतलं. पंख्याची घरघर, पडाव चौकाकडून येणारे गाड्यांचे भोंगे, सगळं पुसणारं.

"सगळ्या जुन्या रेकॉर्डिंगना आंघोळ घालतो," म्हणाला.

"अरे, जुन्या राहू दे ना बाजूला," मी म्हटलं.

"कचरा कशाला सांभाळायचा, यार?"

ऐकतो कुणाचं! एकजात सगळ्या धुतल्या, जुन्या फाइली पुसून टाकल्या आणि मग ऐकायला बसला. आवाज लख्ख, पण मागे काहीच नाही. गाण्यामागे जे एकसारखं गुणगुणतं ते त्या सॉफ्टवेअरच्या लेखी घरघरच, आणि तंबोरा तर अखंड गुणगुणतो. करायला गेला गणपती, झाला मारुती.

"एकदा देवाने नेली," तो मला म्हणाला, "आता मीच पुसली."

मला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरला. त्यानंतर तो कॉम्प्युटरला शिवेना.

मग एकदा मी तिथे असतानाच सिटी सेंटर भागातल्या पॉडकास्टवाल्या श्रुतीचा फोन आला. तिने पूर्वी ह्याच्याकडून एक तुकडा नेला होता.

"काका, म्युझिक एकदम मस्त आहे, पण हेडफोन लावले की मागे भनभन येते. वो हटा दोगे क्या?"

गुरुप्रसाद खुर्चीतून उठलाच. "तुझ्याकडे आहे ती भनभन? हात लावू नकोस! जशी आहे तशी पाठव, बेटा."

फाइल आली. आधी तिची नक्कल धुऊन त्याने श्रुतीला पाठवली. कामात चोख माणूस. मग आपल्याकडच्या फाइलवर तेच सॉफ्टवेअर उलटं चालवलं आणि स्वतःचा आवाज पुसला.

उरला नुसता तंबोरा. मध्ये एकदा वहिनींची बांगडी वाजली.

तो तेवढंच परत परत लावून डोळे मिटून ऐकत बसला. मला चहा विचारायचंही त्याला भान नव्हतं. थोड्या वेळाने मांडी घालून, पाठ ताठ करून बसला. आता गाणार, असं मला वाटलं. पण तुकडा तो केवढासा! ह्याने श्वास भरून तोंड उघडलं की संपायचा.