मळताना घेतलेली नावं

"हळू बोल, पीठ निजलंय."

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की शेजारच्या आपा ओठांवर बोट ठेवून हे म्हणायच्या. परातीत मैद्याचा गोळा ओल्या फडक्याखाली असायचा, आणि आम्ही पेन्शन खाणारी माणसंसुद्धा चपला हातात घेऊन मागल्या पडवीत जायचो. पिठाला कान नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आमच्या आळीत दुपारची तेवढी शांतता दुसऱ्या कोणाला जमली नसती.

त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये जांभ्याचा एक गडगा, तोही कमरेएवढाच. नवऱ्याच्या नोकरीपायी त्यांची बरीच वर्षं कुवेतला गेली. तिथल्या एका शेजारणीकडून त्या पाव शिकल्या आणि नवरा गेल्यावर ती विद्या घेऊन रत्नागिरीत परतल्या. वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून त्यांच्या तोंडी मी 'भाऊ' आणि सरळ 'तू'.

ओव्हन नव्हता, त्यांना तो नकोच होता. यीस्टचे खसखशीसारखे दाणे कॉफीच्या जुन्या बाटलीत असायचे. ते भिजवायचं पाणी मनगटावर थेंब टाकून बघायचं. "मोठ्या माणसाच्या अंघोळीचं नको, बाळाच्या अंघोळीचं हवं," हे त्यांचं माप. चिमूटभर साखरेवर फेस धरला की मळणं, निजवणं, पुन्हा मळणं. मग पडवीतल्या चुलीवर तळाशी वाळू घातलेलं मोठं पातेलं, त्यात पावाचा डबा, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. पाव होत आला की वास आळीच्या टोकापर्यंत जायचा आणि टोकावरची माणसं काही ना काही निमित्त काढून आमच्या बाजूला यायची.

खरी मजा मळण्यात होती. मळताना आपा कोणावर तरी रागावलेल्या असत. एखाद्या दिवशी शिळे बांगडे गळ्यात मारणारी कोळीण, एखाद्या दिवशी वायरमन, एकदा तर थेट त्यांचं लग्न जुळवणारा मध्यस्थ, ज्याला मरून जमाना झाला होता. नाव घ्यायचं, तळहाताची टाच पिठात रुतवायची, गोळा दुमडायचा, पुन्हा नाव. राग नसेल तर पाव दगड होतो, असं त्यांचं ठाम मत. सगळ्यात मऊ पाव व्हायचा तो लेकाचा फोन चुकला की. पाव बोटानं दाबून आम्ही सांगायचो, या आठवड्यात फोन आलेला नाही.

हा लेक मुंब्र्याला असतो. त्यानं एकदा आईला पाव करायचं मशीन आणून दिलं. सगळं आत घाला, बटण दाबा, पाव बाहेर. आपांनी त्यावर विणलेला रुमाल घातला आणि ते दर्शनी कपाटात ठेवलं. वापरत का नाही म्हणून मी विचारलं.

"लेकानं आणलंन, चांगलंच आहे. पण त्याच्यावरचा राग मग काढू कुठे?"

माझ्या बायकोनंही एकदा पाव करायला घेतला. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवायची आमच्या घरची सवय. त्याच हिशोबानं तिनं हेही रात्रभर ठेवलं, तेसुद्धा मे महिन्यात. सकाळी पीठ भांड्यातून उतरून ओट्यावर आलं होतं आणि आंबट वास थेट माजघरात. आपांनी गडग्यावरून वाकून पाहिलं. "ह्याला निजवलंस नाय गो," त्या म्हणाल्या, "बेशुद्ध केलंस."

अशी बाई. आता पुढचं लिहितो, ज्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

एका दुपारी त्या पडवीत पातेल्यासमोर बसल्या होत्या. झाकणावर निखारे, खाली जाळ. "आज वेळ लागतोय," म्हणाल्या. मी टेकलो, गप्पा मारल्या, आणि हळूहळू लक्षात आलं की वास येत नाही. आत जाऊन पाहिलं. पीठ परातीतच होतं, फडक्याखाली, फुगून पुन्हा बसलेलं. बाहेर येऊन मी चिमट्यानं झाकण उचललं. पातेल्यात नुसती वाळू तापत होती. आपांनी वाळूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणाला सांगू नको, भाऊ."

नाही सांगत, म्हणालो.

पुढे थोड्याच दिवसांत झाकणावरचे निखारे घरंगळून झावळ्यांच्या भाऱ्यावर पडले. मी विहिरीवर होतो म्हणून बादल्या ओतता आल्या. आपांच्या ओढणीचं टोक जळलं होतं आणि आग कशानं लागली हे त्या मलाच विचारत होत्या. त्या संध्याकाळी मी लेकाला फोन केला. सगळं सांगितलं आणि वर म्हटलं की माझं नाव घेऊ नकोस. तो म्हणाला, "नाही घेणार, काका. तिला तिथं तुमचाच आधार वाटतो."

त्यानं शब्द पाळला. आईला न्यायला आला तेव्हा आपा पायरीवर बसून राहिल्या. सगळ्या आळीसमोर म्हणाल्या की ह्याला बापाचं घर विकून खायचंय. लेकानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि आईची बॅग उचलली. मी गाडीचं दार धरून उभा होतो. 

ते घर आजही कोणी विकलेलं नाही. कौलं लेकच येऊन शाकारून घेतो. तरी आळीत तो आईला उपटून नेणारा मुलगा म्हणूनच ओळखला जातो. गेल्या थंडीत आपा मुंब्र्यालाच वारल्या, तेव्हाही कोपऱ्यावर चहा पिताना कोणी तरी म्हणालं, म्हातारीला स्वतःच्या घरात मरूही दिलं नाही. म्हणून स्वच्छ लिहितो: आपांना इथून हलवलं ते मी. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फोन करीन, त्याबद्दल मला शंका नाही. लेकाच्या आडोशाला उभं राहून मी चांगला शेजारी म्हणून मिरवलो, ते मात्र मला छळत आलं आहे.

निदान आपांना मी वेळेत सांगितलं. त्यांना भेटायला एकदा मुंब्र्याला गेलो होतो. बऱ्याच गोष्टी त्या विसरत होत्या, मला मात्र ओळखलं. भाऊ आलाय म्हणून पाव करायचा हट्ट धरला. सुनेनं परात दिली. हात तेच होते, टाच रुतत होती, गोळा वळत होता, आणि प्रत्येक दाबाला एकच नाव: लेकाचं. चोर, घरबुडव्या. तो सुट्टीचा दिवस होता. लेक समोरच वर्तमानपत्र धरून बसला होता आणि पान उलटत नव्हता. सून हळूच म्हणाली, दर वेळी हेच असतं, आता सवय झाली आहे.

पाव सुनेच्या ओव्हनमध्ये भाजला. पहिला पाव बशीत घालून आपांनी माझ्या पुढ्यात ठेवला. माझा हात पुढे होईना.

"आपा," मी म्हटलं, "ह्यानं काही केलं नाही. फोन मी केला होता. माझं नाव घेऊ नको, असंही मीच सांगितलं होतं."

त्यांनी परातीच्या काठाला चिकटलेलं पीठ नखानं खरवडलं. मला वाटलं, काही पोचलं नाही.

"नाय सांगत म्हणाला होतास तू," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी माझ्यासमोरची बशी उचलली आणि लेकासमोर नेऊन ठेवली. पाव हातानं मोडला, त्यावर लोणी लावलं. केस पांढरे झालेला तो माणूस मान खाली घालून बसला होता.

"खा रे," आपा म्हणाल्या. "गरम आहे."

तो खाईपर्यंत त्या त्याच्या खुर्चीला टेकून उभ्या राहिल्या. दुसरा पाव ओव्हनमधून निघाला, तोही त्याच्याच बशीत गेला. मला कोणी विचारलं नाही, आणि मी मागितला नाही.