उसना नंबर

मॅडमना घाणीचा भयंकर तिटकारा, आणि त्यांच्या मते ऑफिसात घाणीशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं. चहाच्या खोलीतल्या बेसिनमध्ये सकाळचे कप संध्याकाळपर्यंत लोळत पडायचे. शेजारच्या टेबलावरचा टेस्टिंगवाला नखं कुरतडायचा आणि त्याच ओल्या बोटाने त्यांच्या स्क्रीनवर चूक दाखवायचा. मॅडम लगेच फडक्याने स्क्रीन पुसायच्या, त्याच्या देखतच. पाठीमागे सगळे त्यांना सोवळ्या मॅडम म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून जरा आवडायचंही.

पण खरी शिसारी यायची ती दुसऱ्याच्या कोडची. फाइल उघडून ती बंद न करणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी नळ चालू ठेवून गावाला जाणारा.

कंपनी छोटीशी होती आणि तिचा माल हॉस्पिटलांना जायचा. पेशंटच्या छातीला लावलेल्या वायरींमधून हृदयाचे ठोके यायचे आणि खाटेगणिक एकेका फाइलमध्ये त्यांचा आलेख साठायचा. काम दोन प्रोग्रॅममध्ये वाटलेलं होतं. एक फाइल उघडायचा, दुसरा तिच्यात लिहायचा. आता यातली गोम अशी, की फाइल उघडली की सिस्टिम प्रोग्रॅमच्या हातावर नुसता एक नंबर टेकवते, सामान ठेवून घेणाऱ्याने बिल्ला द्यावा तसा. हा नंबर ज्याचा त्यालाच चालतो. पहिल्या प्रोग्रॅमचा सात आणि दुसऱ्याचा सात यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. म्हणून फाइल दुसऱ्याच्या हवाली करायची तर नंबर कळवून भागत नाही, सिस्टिमलाच मध्ये घ्यावं लागतं. मग ती त्या दुसऱ्याला त्याच फाइलचा त्याचा स्वतःचा नंबर काढून देते. आणि कोणी आपली फाइल बंद केली, की मोकळा झालेला नंबर सिस्टिम पुढच्या फाइलला बिनदिक्कत चिकटवते. जुन्या मालकाला कोणी विचारायला जात नाही.

या उघड्यावाघड्या नंबरांसाठी मॅडमनी एक डबा बनवला होता. डबा म्हणजे थोडंसं कोडच, पण शिस्तीचं. एका नंबराला एकच डबा, डब्याला एकच मालक, आणि डब्याचं काम संपलं की फाइल आपोआप बंद. कुठे नंबर डब्याबाहेर हिंडताना दिसला, की मॅडम त्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घ्यायच्या. तरी कधीमधी नुसतं बघण्यापुरता नंबर लागतोच. त्यासाठी त्यांनी डब्याला एक खिडकी ठेवली होती. या कंपनीत कोडमधली नावं मराठीतच ठेवायची रीत होती, म्हणून खिडकीचं नाव ठेवलं ‘उसना’. बघा, वापरा, मालकी डब्याची. नाव त्यांना इतकं स्वच्छ वाटलं, की खाली खुलाशाची ओळही लिहिली नाही.

घरी त्यांची धाकटी नणंद होती. हृदयरोगाच्या वॉर्डात सिस्टर. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, कारण नणंद वॉर्डातून यायची ती त्याच कपड्यांत सोफ्यावर फतकल मारायची, आणि मॅडमच्या अंगावर शहारे यायचे. त्या काही बोलल्या की नवरा पेपरात तोंड घालायचा. इतकी वर्षं संसार करून तो एवढंच शिकला होता.

मग एका सकाळी नणंद अवेळी घरी आली आणि दारातच बसली. चार नंबरच्या खाटेवरचे आजोबा पहाटे बेशुद्ध सापडले होते. त्यांच्या नावाचा रात्रीचा आलेख बघावा तर अगदी शांत. वेडावाकडा नाचलेला आलेख होता अकरा नंबरच्या नावावर, आणि अकरा नंबरचा धडधाकट माणूस नको त्या औषधाने उलट्या करत होता. दोघेही वाचले. डॉक्टरांनी निकाल दिला, की सिस्टरने वायरी अदलाबदल केल्या. तिला ड्यूटीवरून काढून घरी बसवलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मेट्रन चौकशी करणार होत्या, आणि ठपका आला असता तर ही नोकरीच काय, पुढे कुठे सिस्टर म्हणूनही उभं राहता आलं नसतं. हॉस्पिटलात प्रोग्रॅम मॅडमच्या कंपनीचा आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण प्रोग्रॅमकडे बोट दाखवावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. मॅडमच्या तर नाहीच. वॉर्डातले बूट घालून स्वयंपाकघरात शिरणारी बाई दुसरं काय करणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते नवऱ्याला बोलूनही दाखवलं.

सोमवारी दुसऱ्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली. आलेख एकाचा, नाव दुसऱ्याचं. मॅडम जेवणाचा डबा न उघडता कोड वाचत बसल्या आणि दुपारी त्यांना ते सापडलं. टीमच्या साहेबांनी, म्हणजे ज्यांना सगळे ‘होऊन जाईल’ म्हणायचे त्यांनी, लिहिणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चार ओळी घातल्या होत्या. फाइल किती वाढली ते बघायला त्यांनी डब्याकडून उसना नंबर घेतला होता. बघून झाल्यावर त्याच नंबराची फाइल बंद करून टाकली होती, आणि बाजूला मोठ्या इमानाने लिहिलं होतं, ‘उसनं घेतलं, परत केलं.’ पुढचं मॅडमना डोळ्यांसमोर दिसलं, नणंदेच्या वॉर्डातलंच. नंबर मोकळा झाला. तेवढ्यात अकरा नंबरवर नवा पेशंट आला आणि सिस्टिमने तोच नंबर त्याच्या फाइलला दिला. चार नंबरचा डबा मात्र तो नंबर आपलाच समजून आजोबांचे ठोके त्या फाइलमध्ये ओतत राहिला. आजोबांच्या नावावर उरले ते फक्त त्याआधीचे शांत ठोके.

त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेब बिस्किट खात होते, ओठांवर चुरा होता. त्यांनी ऐकून घेतलं, थोडे पांढरे पडले, आणि मग म्हणाले, "उसनं घेतलेलं परत करायचं नसतं का, मॅडम?"

"डब्याला परत. सिस्टिमला नाही."

"तसं कुठे लिहिलंय?"

तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी ओठ पुसले आणि हलक्या आवाजात समजावलं. चार ओळी काढू, नवा प्रोग्रॅम आठवड्याभरात गुपचूप सगळीकडे पाठवू, बोंबाबोंब कशाला. मॅडमनी चार नंबरच्या खाटेची गोष्ट सांगितली आणि विचारलं की त्या सिस्टरचं काय. ती आपली नणंद आहे हे काही त्यांनी सांगितलं नाही. तिचंही होऊन जाईल काहीतरी, साहेब म्हणाले, आणि सांगायचंच झालं तर हे ‘उसना’ नाव कोणी ठेवलं तेही सांगावं लागेल. त्या माणसाची, त्या चुऱ्याची, त्या मऊ आवाजाची मॅडमना अशी किळस आली की तिथून उठून तोंड धुवावंसं वाटलं. पण बाहेर पडता पडता त्यांच्या तोंडून निघालं ते "बरं".

घरी नणंदेने भावाला पलंगावर उताणं पाडलं होतं. त्याच्या उघड्या छातीवर ती चिकटपट्टीचे तुकडे लावत होती, इथे लाल वायर, इथे काळी, आणि पुन्हा काढून पुन्हा लावत होती. भाऊ म्हणाला, नोकरी राहो न राहो, माझ्या छातीवरचं गवत तेवढं साफ झालं. तिने पुढची पट्टी ओढून काढली. मंगळवारीही तेच. भाजी निवडताना ती मॅडमजवळ येऊन बसली. तिला वायरी बरोबर लावल्याचं लख्ख आठवत होतं, पण आता त्या आठवणीचाच भरवसा वाटत नव्हता.

"वहिनी, दमलेल्या माणसाच्या हातून असं होऊ शकतं ना गं? नकळत?"

मॅडम शेंगेचे दोर काढत राहिल्या. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या.

बोलल्याबरोबर त्यांना मळमळलं. त्या उठून मोरीत गेल्या, नळ सोडून उभ्या राहिल्या, पण उलटी काही झाली नाही. जन्मभर लोकांच्या घाणीला नाकं मुरडली, आणि आता जी घाण घशाशी आली होती ती पुसायला फडकं नव्हतं. बुधवारी त्या ऑफिसात गेल्या, दिवसभर त्या चार ओळींकडे बघत बसल्या आणि कोणाशी एक शब्द न बोलता परत आल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी नणंदेला तयार व्हायला सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. तिला मेट्रनच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं आणि लॅपटॉप घेऊन एकट्याच आत गेल्या. मेट्रन करड्या आवाजाच्या, कॉम्प्युटरला नावं ठेवणाऱ्या. मॅडमनी दोन खोट्या खाटा मांडल्या, एकीवर ठोके चालू केले, दुसरीवर नवा पेशंट दाखल केला. पहिल्या खाटेचे ठोके मेट्रनच्या डोळ्यांदेखत दुसरीच्या नावावर उमटायला लागले. मेट्रननी ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग विचारलं, वायरी बरोबर होत्या म्हणजे? बरोबर होत्या, मॅडम म्हणाल्या. चूक कोणाची, यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. फाइल साहेबांनी बंद केली आणि गोंधळात पाडणारं नाव मी ठेवलं. मेट्रननी ते लिहून घेतलं, सही करायला लावली, आणि बाकावरच्या सिस्टरला आत बोलावून सांगितलं की उद्याची चौकशी तुझी नाही, तू आत्ता वॉर्डात जा.

नणंद उभीच राहिली. तिने आनंद केला नाही, रडलीही नाही. आजोबांच्या मुलीला आपण फोन करून माफी मागितली, असं ती मेट्रनना म्हणाली. चूक माझ्याच हातची, असं कबूल करून बसले. मुलगी पुष्कळ बोलली, मी ऐकून घेतलं. मेट्रन म्हणाल्या, की ते आम्ही निस्तरू.

दोघी बाहेर आल्या. कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता आणि एक वॉर्डबॉय रिकामी ट्रॉली ढकलत चालला होता. ट्रॉली जाईपर्यंत नणंद भिंतीला टेकून थांबली.

"तुला कधी कळलं, वहिनी?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. साहेब तेच म्हणाले असते.

"सोमवारी," मॅडम म्हणाल्या.

नणंदेने मान हलवली. खिशातून क्लिपा काढून तिने केस वर बांधले, दोन्ही बाजूंनी नीट चापून घेतले.

"फोन मी बुधवारी केला," ती म्हणाली, आणि वॉर्डाकडे निघून गेली.