पिल्लाचा सव्वा महिना

या घरात कुत्रं येणार नाही, असं सासूबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं. पण माझा भाऊ पिंपळगावच्या मळ्यातून द्राक्षांच्या क्रेटमध्ये पिल्लू घेऊन आला, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. पिल्लू थंडीने थरथरत होतं. "आधी आत घ्या त्याला," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

मी लशींचं काढलं तर भाऊ हसला. "ताई, मळ्यात कुत्र्याला कोण टोचत बसतंय? लय लाड नको करू." मला रागच आला. आमच्या इंदिरानगरातल्या गल्लीत त्याच आठवड्यात एका कुत्रीची सगळी पिल्लं उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांनी गेली होती. आपलंही असंच गेलं तर, या धास्तीने मला घास गिळवत नव्हता.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा सासूबाईही सोबत आल्या. मी म्हटलं, असतील नसतील त्या सगळ्या लशी द्या. बाई हसल्या. इतर कुत्र्यांबरोबर कुठे ठेवणार नसाल तर खोकल्याची आत्ता नको. मळ्यावर नेणार ना? मग उंदरांमुळे होणाऱ्या तापाची हवी. पार्वो, म्हणजे त्या उलट्या-जुलाबांच्या रोगाची, आणि डिस्टेंपरची तर हवीच, चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची तीन महिन्यांचं झालं की, आणि पुढे त्या सांगतील तशी.

"एकच लस पुन्हापुन्हा कशाला?" मी विचारलं.

"आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असते, तोवर लस नीट लागू पडत नाही. ती ताकद कधी ओसरते, ते सांगता येत नाही. म्हणून. आणि डोस पुरे होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका. रोग चपलांवरूनही घरात येतो."

"म्हणजे सव्वा महिना पाळायचा," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतिणीच्या खोलीसारखा."

त्या दिवसापासून आमच्या गेटशी पाण्याची बादली आली. चपला बाहेर, पाय धुवा, मग आत. पिल्लू बघायला येणाऱ्या बायका कुरकुरत पाय धुवायच्या. यांनासुद्धा ऑफिसातून आल्यावर सुटका नव्हती. मी तोंडात पदर धरून हसायचे.

दुसऱ्या डोसनंतर एका सकाळी पिल्लू ओकलं. पुन्हा ओकलं. आम्ही रिक्षाने तडक दवाखाना गाठला. बाईंनी ताप पाहिला, पोट चाचपलं, तपासणी केली. पार्वो नव्हता.

"काय खाल्लं याने?"

मी नेहमीचंच सांगितलं. सासूबाई खाली बघत होत्या.

"डिंकाचा लाडू," त्या हळूच म्हणाल्या. "रोज थोडा. तुम्हीच म्हणालात ना, आईची ताकद ओसरते? मग त्याला ताकद कोण देणार?"

बाईंना हसू आवरेना. लाडू बंद, दोन दिवस पातळ भात आणि पुढचा डोस बरं वाटल्यावर, असं त्यांनी सांगितलं.

परतताना सासूबाईंनी पिल्लू माझ्याकडे दिलं नाही. रिक्षा सुरू झाल्यावर त्यांचे डोळे वाहायला लागले. "माझ्या हातून गेलं असतं गं," त्या म्हणाल्या. काही झालं नाही, मी त्यांची पाठ चोळत म्हणत राहिले. त्या रडत होत्या आणि मी, खोटं कशाला सांगू, मनातून सुखावले होते. इतके दिवस त्याच्या जिवाची धास्ती मी एकटीच वागवतेय असं वाटत होतं.